दिव्यांग मुलाची बाजू कोण मांडणार?

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे झालेल्या मोटार अपघातानंतर ‘बाल न्याय मंडळ’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. चर्चा झाली ती तत्काळ मिळालेल्या जामिनाची आणि तीनशे शब्दांच्या निबंधाची. परंतु याच मंडळापुढे अशीही मुले उभी केली जातात, की ज्यांना निबंध तर दूरच, आपल्यावर कोणता आरोप आहे हेही उमगत नाही. कुणी जन्मतः कर्णबधिर असते, कुणी स्वमग्न. कुणाची बौद्धिक वाढ वयाच्या मानाने फार मागे राहिलेली असते. कुणाला अध्ययन अक्षमता असते आणि ती आजवर कुणाच्या लक्षातही आलेली नसते. अशा मुलाच्या हातून काही घडले, किंवा घडल्याचा आरोप झाला, तर त्याची बाजू कुणी, केव्हा आणि कशी मांडायची, याची माहिती सुशिक्षित पालकांनाही क्वचितच असते.

कायद्यात तरतुदी नाहीत असे नव्हे. दुभाषी, विशेष शिक्षक, मोफत वकील, तज्ज्ञांकडून मूल्यांकन, या साऱ्या गोष्टी कागदावर आहेत. अडचण अशी, की त्यांपैकी बहुतेक तरतुदी आपणहून जाग्या होत नाहीत. मूल दिव्यांग आहे आणि त्याला नेमके काय हवे आहे, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी, तेही लेखी, सांगावे लागते. ते न सांगितल्यास पोलिसांपासून मंडळापर्यंत सर्वांच्या दृष्टीने ते ‘उद्धट’, ‘खोटे बोलणारे’ किंवा ‘गप्प बसणारे’ मूल ठरते, आणि पुढील सारी कार्यवाही त्या पहिल्या समजुतीवर उभी राहते.

कायद्याची चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीने अपराध केल्याचा आरोप असेल, तर तिला कायदा ‘आरोपी’ म्हणत नाही, ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. मुलाला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करणे बंधनकारक आहे. मंडळाची बैठक नसेल, तर एखाद्या सदस्यापुढेही हजर करता येते. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात मुलाला कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. मुलाच्या मनात दुष्ट हेतू नव्हता असे गृहीत धरूनच कार्यवाहीला आरंभ करावा, हे या कायद्याच्या तिसऱ्या कलमातील पहिले तत्त्व आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हेही त्याच कलमात आहे.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. त्याचे बारावे कलम प्रत्येक पालकाने आणि वकिलाने जवळ बाळगावे असे आहे. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा तपासाचे अधिकार असलेली कोणतीही यंत्रणा यांच्यापुढे दिव्यांग व्यक्तीला भेदभावाविना आपले हक्क बजावता यावेत आणि तिची साक्ष वा म्हणणे तिच्या पसंतीच्या भाषेत व संवादाच्या माध्यमातून नोंदवण्याची सोय असावी, ही शासनाची जबाबदारी असल्याचे ते सांगते. ‘तपासाचे अधिकार’ या शब्दांत पोलीस ठाणे येते, हे विशेष. शिवाय या कलमासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती अट आरक्षणासारख्या काही लाभांपुरती आहे. ‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असे कुणी म्हटल्यास हा फरक नम्रपणे दाखवून द्यावा.

या प्रश्नाशी मुंबईचे एक जुने नाते आहे. पत्रकार शीला बारसे यांनी देशभरातील तुरुंगांत डांबलेल्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९८६ मध्ये त्या याचिकेवर आदेश झाले, तेव्हा केवळ ‘सुरक्षित ताबा’ म्हणून तुरुंगात ठेवलेल्या मतिमंद आणि शारीरिकदृष्ट्या अपंग मुलांचाही प्रश्न न्यायालयापुढे आला होता. या मुलांनी अपराध केला होता असेही नव्हे. त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती, एवढेच. त्यानंतर कायदे बदलले, शब्दही बदलले. ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ आली, ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. ठाण्याच्या व्हरांड्यात मात्र ‘वेडा आहे का रे?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो.

पोलीस ठाण्यातील पहिले काही तास

सर्वाधिक नुकसान होते ते येथेच. कर्णबधिर मुलगा ‘थांब’ ही हाक ऐकून थांबत नाही, म्हणजे तो पळून जात होता असे ठरते. स्वमग्न मुलगा डोळ्याला डोळा देत नाही, तेव्हा तो काही लपवतो आहे असे वाटते, आणि खांद्यावर हात पडताच तो हात झटकतो, तर तो अंगावर आला असे म्हटले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे अडखळते बोलणे आणि तोल जाणारी चाल नशेची मानली जाते. अध्ययन अक्षमता असलेला मुलगा तर बोलण्यात चांगला हुशार असतो, त्यामुळे त्याला समोरचा कागद वाचताच येत नाही यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सर्वात धोक्याची असते ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची होकार देण्याची सवय. लहानपणापासून मोठ्यांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की ओरडा थांबतो, हे तो शिकलेला असतो. ‘तू दुकानात गेला होतास ना?’ ‘हो.’ ‘मोबाइल तूच घेतलास ना?’ ‘हो.’ आता त्यालाच विचारावे, ‘म्हणजे तू घेतला नाहीस ना?’ उत्तर बहुधा पुन्हा ‘हो’ असेच येईल. पण हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

याची किंमत काय असू शकते, हे इंग्लंडने एका प्रकरणातून शिकून घेतले. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट यांचा खून झाला. त्यात अठरा, पंधरा आणि चौदा वर्षांची तीन मुले पकडली गेली. त्यांतील थोरल्याची समज आठ वर्षांच्या मुलाएवढी होती. जवळ कुणीही वडीलधारे नसताना सुरू झालेल्या चौकशीत तिघांनी कबुली दिली आणि प्रामुख्याने त्या कबुलीवर तिघेही दोषी ठरले. मृत्यूच्या वेळेविषयीचा वैद्यकीय पुरावा कबुलीशी जुळत नव्हता. ऑक्टोबर १९७५ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, तोवर तीन वर्षे गेली होती. सर हेन्री फिशर यांच्या चौकशीचा अहवाल १९७७ मध्ये आला, आणि पुढे १९८४ च्या पोलीस कायद्याने अल्पवयीन किंवा मानसिकदृष्ट्या दुर्बल व्यक्तीच्या चौकशीत पोलिसांशी संबंध नसलेली एक प्रौढ व्यक्ती सोबत असण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ही व्यक्ती वकील नसते. मुलाला प्रश्न समजतो आहे की नाही हे पाहणे आणि समजत नसेल तर मध्ये बोलणे, हेच तिचे काम.

आपल्याकडे अशी व्यक्ती नेमण्याची स्वतंत्र पद्धत नाही. परंतु केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील आठवा नियम वाचला, तर बरेच काही हाती लागते. मुलाला बेडी घालू नये. त्याच्यावर कबुलीची सक्ती करू नये. कोणत्याही जबाबावर त्याची सही घेऊ नये. चौकशी ठाण्यासारख्या न वाटणाऱ्या जागी करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे म्हणजे आवश्यकतेनुसार वैद्यकीय मदत, दुभाषी किंवा विशेष शिक्षक पोलिसांनी उपलब्ध करून द्यावा. पालक चौकशीच्या वेळी उपस्थित ‘राहू शकतात’, असे नियम म्हणतो. तेथे ‘राहिलेच पाहिजेत’ असे असायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोवर पालकांनी ‘मी आत बसणार’ एवढे तरी ठामपणे म्हणावे. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. बोलणे त्याच्याशी करावे.

एका कागदाचे महत्त्व

ठाण्यात जाताना वेळ थोडा असतो आणि मन थाऱ्यावर नसते. तरीही एक पानाचे निवेदन लिहून, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. त्यात केवळ ‘मुलगा ७५ टक्के दिव्यांग आहे’ असे लिहून भागत नाही. टक्केवारीवरून अधिकाऱ्याला काहीही कळत नाही. मूल प्रत्यक्षात काय करू शकते आणि काय नाही, हे लिहावे. ‘त्याला एका वेळी एकच सूचना कळते. “का केलेस” या प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही, “काय झाले” हे तो चित्रावरून दाखवू शकतो. स्पर्श केल्यास हात झटकतो, तो हल्ला नसतो. रात्रीचे अपस्माराचे औषध चुकल्यास झटका येतो.’ अशी चार वाक्ये प्रमाणपत्राच्या झेरॉक्सपेक्षा अधिक उपयोगी पडतात. खाली स्पष्ट मागणी असावी : विशेष शिक्षक किंवा दुभाषी येईपर्यंत चौकशी करू नये, आणि हे निवेदन मंडळापुढे सादर करावयाच्या कागदपत्रांत जोडावे.

प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. परंतु नसेल म्हणून गप्प बसू नये. शाळेची फाइल हा अनेकदा त्याहून बोलका पुरावा असतो. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. मुंबईतील शीव किंवा नायर रुग्णालयाच्या तपासणीचे कागद, लेखनिक व जादा वेळेची परवानगी, विशेष शिक्षिकेचे शेरे हे सारे अनेक मध्यमवर्गीय घरांत कपाटात पडून असते. दहावी झाली की त्याचे काम संपले असे वाटते. मुलाला वाचता येत नाही हे आजच्या आरोपाच्या कितीतरी आधी, कोणताही हेतू नसताना नोंदवले गेले होते, हे मंडळाला दाखवण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन नाही.

ज्यांच्या दिव्यांगत्वावर शिक्का बसलेला नाही, त्यांची अवस्था अधिक बिकट असते. २०१८ साली केंद्र शासनाने काढलेल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के, तर सीमारेषेवरील व्यक्तीला २५ टक्के दिव्यांगत्व धरले होते. म्हणजे सीमारेषेवरचे मूल ४० टक्क्यांच्या खाली राहते. त्याला विशेष शाळा नाही, सवलत नाही, नेहमीच्या शाळेत ते ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसते आणि एक दिवस शाळाच सोडते. बरोबरीची मुले त्याला टाळतात, तेव्हा जो त्याला ‘दोस्त’ म्हणतो त्याच्यामागे ते जाते.

पालकांच्या दोन चुकांचा येथे उल्लेख करायला हवा. घाबरलेले वडील तक्रारदाराची माफी मागतात, नुकसान भरून देऊ म्हणतात. हेतू प्रकरण मिटवण्याचा असतो, परंतु त्याचा अर्थ कबुली असा घेतला जाऊ शकतो. दुसरी चूक आईच्या तोंडून होते. ‘साहेब, याला घरात आवरणेच कठीण झाले आहे हो,’ असे ती काकुळतीने म्हणते. हेच वाक्य पुढे जामीन नाकारण्याचे कारण बनून समोर येते.

मंडळापुढे

मूल असणे आणि दिव्यांग असणे या दोन्ही कारणांनी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार, मोफत वकिलाचा हक्क मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ ही आहे. खासगी वकील देण्याची ऐपत असली, तरी बाल न्याय मंडळात नियमित काम करणारा वकील पाहावा. फौजदारी न्यायालयात नाव कमावलेला वकील येथे साक्षीदार फोडण्याच्या तयारीने येतो. या ठिकाणी निम्मी लढाई अहवालांची असते.

त्यांतला पहिला अहवाल म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. मुलाला प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने तो द्यायचा असतो. या अहवालाच्या विहित नमुन्यात मूल दिव्यांग आहे काय, असल्यास श्रवणदोष, वाचादोष, शारीरिक की मानसिक, असा रकाना आहे. अधिकाऱ्यावर कामाचा बोजा मोठा असतो. भेट एखाद्या तासाची. दिसणारे व्यंग नसेल, तर रकान्यात ‘नाही’ पडायला वेळ लागत नाही. म्हणून अधिकारी घरी येण्याची वाट न पाहता शाळेची फाइल, औषधोपचाराचे कागद आणि ते एक पानाचे निवेदन त्याच्याकडे पोहोचवावे, विशेष शिक्षिकेची व त्याची गाठ घालून द्यावी. आठव्या कलमानुसार कार्यवाहीची भाषा न समजणाऱ्या मुलाला पात्र दुभाषी देणे हे मंडळाचे कर्तव्य आहे. खुणांची भाषा हीही भाषाच आहे, हे मंडळाला पटवून देणे फारसे अवघड जाऊ नये. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्‌श्रवण संस्था आहे. तेथून किंवा कर्णबधिरांच्या शाळेतून दुभाषी मिळण्यास मदत होऊ शकते. मात्र शाळेतच न गेलेले कर्णबधिर मूल केवळ घरच्या खुणा जाणते. त्याच्यासाठी दुभाष्याच्या जोडीला आई किंवा बहीणही लागते, आणि तसा आदेश मागावा.

जामिनाचे बारावे कलम मुलाच्या बाजूचे आहे. जामीनदार असो वा नसो, जामीन द्यायचा, हा नियम. सुटकेमुळे मूल सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका संभवेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, अशी वाजवी कारणे असतील तरच नकार देता येतो. दिव्यांग मुलाच्या बाबतीत या ‘धोक्या’चा अर्थ फार सहज लावला जातो. ‘बाहेर त्याला कोण सांभाळणार, निरीक्षणगृहात निदान सुरक्षित राहील’, असा दयाळू विचार त्यामागे असतो. या दयेला उत्तर द्यायचे तर हाती आराखडा हवा. सकाळी कोणती शाळा किंवा कार्यशाळा, दुपारी घरी कोण, औषध कोण देणार, उपचार कुठे चालू आहेत, तक्रारदाराच्या गल्लीतून त्याचे जाणे-येणे कसे टाळणार, हे सारे एका कागदावर, संबंधितांच्या सह्यांसह, पहिल्या तारखेलाच सादर करावे. जामिनाच्या अटीही तपासाव्यात. बसचा आवाज सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलाने दर सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला हजेरी लावावी, अशी अट घातली तर ती मोडणारच.

जामीन नाकारला गेला आणि मूल निरीक्षणगृहात गेले, तर अधीक्षकांकडे औषधाची चिठ्ठी देऊन थांबू नये. औषधे वेळेवर देण्याचा आदेश मंडळाकडून लिहून घ्यावा. अपस्माराच्या गोळ्या दोन दिवस चुकणे ही किरकोळ बाब नव्हे.

सोळा वर्षांनंतरचे मूल्यांकन

ज्या अपराधांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे, ते या कायद्याच्या परिभाषेत अतिगंभीर. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर असा आरोप असेल, तर पंधराव्या कलमानुसार मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. असा अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती, या बाबी त्यात पाहिल्या जातात. त्यावरून प्रकरण मंडळातच राहणार, की बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी पाठवले जाणार, हे ठरते. दिव्यांग मुलाच्या आयुष्यातील याहून निर्णायक तारीख दुसरी नाही.

पूर्वी मानसतज्ज्ञाची मदत घेणे मंडळाच्या मर्जीवर होते. २०१७ मधील गुरुग्राम येथील एका शाळेतील हत्येच्या प्रकरणात १३ जुलै २०२२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे चित्र बदलले. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र यांतील पदवीधर व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक समजावे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने या मूल्यांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली.

तरीही वकिलाने सावध असावे. अर्ध्या तासाची बुद्ध्यंक चाचणी आणि ‘वेळ, स्थळ, व्यक्ती यांचे भान आहे’ असे एक वाक्य, म्हणजे मूल्यांकन नव्हे. आपण कुठे आहोत हे सांगता येणाऱ्या मुलाला आपल्या कृतीने पुढे काय होईल हे कळतेच असे नाही. चाचणी मुलाच्या मातृभाषेत झाली काय, ऐकू न येणाऱ्या मुलाला तोंडी प्रश्न विचारले गेले काय, रोजच्या व्यवहारातील क्षमता तपासली काय, हे विचारावे. मूल्यांकनाच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते. मुदत ३० दिवसांची आहे, आणि मंडळाने ज्यांची मदत घेतली त्यांच्याखेरीज अन्य तज्ज्ञांना हे न्यायालय पाचारण करू शकते.

येथे एक दुधारी शस्त्र आहे. ‘त्याला काहीच कळत नाही’ हा युक्तिवाद मोहात पाडणारा असतो. मनोविकलतेच्या कारणाने कृत्य अपराध ठरत नाही, ही तरतूद जुन्या भारतीय दंड संहितेत ८४ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात आहे. परंतु तिची कसोटी फार अरुंद आहे आणि सौम्य अक्षमतेचे मूल तिच्यात बहुधा बसत नाही. शिवाय बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने आपल्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. दोहोंची गल्लत केली, तर मुलाला मनोरुग्णालयाकडे पाठवण्याची भाषा सुरू होते आणि त्याची तेथून सुटका केव्हा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ‘त्याला काय कळते आणि काय कळत नाही’ हे नेमके मांडणे अधिक कष्टाचे, पण मुलाच्या हिताचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये याच्याही पुढचे मत दिले आहे. स्वमग्नतेसारखे मेंदूच्या विकासाशी निगडित दोष असलेली मुले बाल न्याययंत्रणेत असूच नयेत, असे ती म्हणते. भारताने बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. समितीचे मत आपल्या मंडळांवर बंधनकारक नाही, परंतु युक्तिवादात त्याचा आधार अवश्य घ्यावा.

मुलाच्या मागे कोण होते?

चोरीचा मोबाइल या मुलाच्या खिशात सापडतो. गांजाची पुडी त्याच्या दप्तरात मिळते. ती तेथे कुणी ठेवली हा प्रश्न दिव्यांग मुलाच्या प्रकरणात अग्रक्रमाने विचारायला हवा, कारण असे मूल वापरून घेणे सोपे असते. बाल न्याय अधिनियमाच्या ८३ व्या कलमानुसार बेकायदा कामासाठी मुलाचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मूल वैद्यकीय प्रमाणपत्राने दिव्यांग ठरलेले असेल, तर ८५ व्या कलमाने ही शिक्षा दुप्पट होते. हे कलम फारसे वापरलेले दिसत नाही. मुलाच्या वकिलाने तशी लेखी तक्रार दिली, तर तपासाची दिशा बदलू शकते आणि आरोपीच्या जागी पीडित दिसू लागतो.

दिव्यांग मूल पीडित असते तेव्हा कायदा तुलनेने अधिक जागरूक आहे. पोक्सो कायद्यात विशेष शिक्षक व त्या मुलाची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे, आणि दिव्यांग व्यक्तीची साक्ष केवळ तेवढ्या कारणाने दुबळी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये बजावले आहे. तेच मूल समोरच्या बाजूला उभे असले की ही जागरूकता ओसरते.

गुप्तता, शाळा आणि अठरावा वाढदिवस

मुलाची ओळख उघड करणे हा ७४ व्या कलमाखाली अपराध आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्तमानपत्रे हे जाणतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात फोटो टाकणारे सभासद जाणत नाहीत. त्यांना लेखी कळवावे. शाळेने दाखला हातात ठेवण्याची घाई केली, तर मंडळाच्या आदेशापूर्वी मूल दोषी ठरलेले नाही आणि नंतरही त्या नोंदीमुळे त्याला कोणतीही अपात्रता लागू होत नाही, हे २४ वे कलम दाखवावे. प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्या मुलाचा मात्र याला अपवाद आहे.

वयाचे कागदही आताच जुळवून ठेवावेत. हळू शिकणाऱ्या मुलाला खालच्या वर्गात घालता यावे म्हणून काही पालक शाळेत जन्मतारीख पुढची लावतात. कायदा आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला पाहतो, तो नसल्यास महापालिकेचा आणि काहीच नसल्यास हाडांची तपासणी. दोन दाखल्यांत दोन तारखा असल्या, तर दोन्हीविषयी संशय निर्माण होतो.

घटनेच्या दिवशी मूल अठराच्या आत असेल, तर पुढे वय वाढले तरी प्रकरण मंडळापुढेच सुरू होते. मात्र अठरावा वाढदिवस उलटल्यावर काही घडले, तर हे सारे संरक्षण संपते. मानसिक वय विचारात घेतले जाईल, अशी अनेक पालकांची समजूत असते. पोक्सो कायद्याखालील एका प्रकरणात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षांच्या पीडितेचे मानसिक वय सहा ते आठ वर्षांचे असल्याचे मांडले गेले होते. ‘बालक’ या शब्दात मानसिक वय येत नाही, जैविक वयच धरले जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. बाल न्याय कायद्याची व्याख्याही वयाच्या वर्षांवरच आधारलेली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या पालकांना, ते सज्ञान झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी लागणारे कागद सतराव्या वर्षीच तयार ठेवावेत. बँकेच्या खात्यासाठी त्याचा उपयोग होतोच, शिवाय पुढे कधी पोलीस ठाण्यात जाण्याची वेळ आली, तर ‘तुम्ही याचे कोण? मुलगा तर सज्ञान आहे’ या प्रश्नाला दाखवण्यासारखा तोच एक कागद पालकांच्या हाती असतो.